मोगऱ्याला बी का धरत नाही?

फुलाचे भाग शिकवून झाले की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो: "मोगऱ्याचे बी कसे असते?" प्रश्न रास्त आहे. मोगरा घरोघरी असतो, पण रोप हवे असले की आपण शेजाऱ्याकडे फांदी मागतो, बी नव्हे. "मोगऱ्याला बी नसतेच" असे सांगून मात्र मोकळे होऊ नये. मोगऱ्याच्याच जास्मिनम प्रजातीतली कुसर सह्याद्रीच्या रानात उन्हाळ्यात फुलते आणि पुढे तिला काळी, गरदार फळे धरतात. मग मोगऱ्याचेच घोडे कुठे अडते?

पहिली अडचण आपणच आहोत. मोगरा संध्याकाळी उमलतो. पांढरा रंग, रात्री दरवळणारा वास आणि पाकळ्यांखालची लांब नळी ही सारी निशाचर पतंगांसाठीची सोय आहे. पण गजऱ्यासाठी आपण कळीच खुडतो. झाडावर न उमललेल्या फुलाला फळ कोठून येणार?

झाडावर राहिलेली फुलेही बहुधा नुसतीच गळतात. भरगच्च पाकळ्यांचे एक फूल आणि एकेरी मोगऱ्याचे एक फूल उभे चिरून भिंगाखाली ठेवा. एकेरी फुलात नळीला चिकटलेले दोन पुंकेसर आणि मधोमध स्त्रीकेसर दिसेल. भरगच्च फुलात केसरांच्या जागी पाकळ्यांची दाटी झालेली आढळते. जनुकात बदल झाला की केसर व्हायचे ते अवयव पाकळ्या होतात. रानात अशा झाडाचा वंश तिथेच खुंटला असता. बागेत उलटे झाले. माणसाने नेमके तेच झाड आवडीने निवडले आणि फाटे लावून वाढवले.

तिसरे कारण भिंगालाही दिसत नाही. जास्मिनमचा मूळ गुणसूत्र-संच 13 चा. साध्या झाडाच्या पेशीत असे दोन संच, म्हणजे 26 गुणसूत्रे असतात. मोगऱ्याच्या काही वाणांत मात्र तीन संच, म्हणजे 39 गुणसूत्रे आढळली आहेत. अर्धसूत्री विभाजनात दोघांची जोडी नीट जुळते व फुटते. तिघांत एक जास्तीचा उरतो आणि तो कोणत्याही बाजूला जातो. असे 13 वेळा घडते. सगळे जास्तीचे एकाच बाजूला जाऊन परागकणात नेमकी 13 किंवा 26 गुणसूत्रे येण्याची शक्यता किती? 2 भागिले 2 चा तेरावा घात, म्हणजे 4096 त एक. (संभाव्यतेचे हे उदाहरण गणिताच्या शिक्षकांनीही वापरावे.) बाकीच्या परागकणांत गुणसूत्रांचा हिशेब बिघडलेला असतो. बीजांडांचीही तीच गत. केळ्यात बी नसते त्यामागेही मुख्यतः हेच त्रिगुणितपण आहे.

जी झाडे एकेरी आणि द्विगुणित आहेत, त्यांना तरी भरपूर फळे का धरू नयेत? जास्मिनमच्या अनेक जातींत दोन प्रकारची झाडे असतात: काहींच्या फुलात स्त्रीकेसर परागकोशांच्या वर पोचतो, काहींच्या फुलात खाली राहतो. पराग एका प्रकाराकडून दुसऱ्याकडे जावा, अशी ही मांडणी आहे. पण एकाच झाडाचे फाटे गल्लीभर लावले तर दहा अंगणांतली दहा झाडे आनुवंशिकदृष्ट्या एकच झाड असते. पतंग आला तरी परका पराग आणणार कोठून?

शेतकऱ्याला यात सोय आहे, कारण सगळी फुले एकसारखी मिळतात. धोकाही तिथेच आहे. एका झाडाला जो रोग मानवेल तो साऱ्या मळ्याला मानवेल, आणि बीच धरत नसेल तर संकराने नवा, चिवट वाण काढणे अवघड होते. मग एखाद्या फांदीवर आपोआप झालेला बदल हेरून तिचे कलम करणे, एवढाच सोपा मार्ग उरतो.

उन्हाळ्यात वर्गाने एक प्रयोग करावा. दोन वेगळ्या गावांतून आणलेले एकेरी मोगरे घ्या. संध्याकाळी फूल उमलताच एकाचे पराग बारीक कुंचल्याने दुसऱ्याच्या स्त्रीकेसराच्या टोकावर लावा, देठाला रंगीत दोरा बांधा आणि ते फूल कोणी खुडणार नाही अशी व्यवस्था करा. पाकळ्या गळाल्यावर हिरवा निदलपुंज तसाच टिकून आत गाठ फुगू लागली, तर फळ धरले असे समजावे. दोरे बांधलेली किती आणि फळे धरलेली किती, याची नोंद फलकावर लिहीत जावी.