वेताळाची पालखी आणि रॉझवेलची तबकडी

बसा रे पोरांनो, कंदिलाची वात जरा खाली करा अन् गप्प राहून कान द्या. ऐकू येतंय? तो पखवाज आपल्या गावचा नव्हे, नदीपलीकडच्या वाडीतला, चांगला दीड कोसावरचा. भरदुपारी तिथं कुणी नरडं फाडून ओरडलं तरी इथं पत्ता लागायचा नाही, पण थंडीच्या रात्री जणू आपल्या परड्यातच भजन लागलंय असं वाटतं. माझी आजी याला वेताळाची पालखी म्हणायची आणि मला गोधडीत कोंबायची, अन् मीही सातवीपर्यंत मुकाट कोंबून घ्यायचो.

त्यातली गंमत अशी, की आवाज ऊबदार हवेत झपाझप चालतो अन् गार हवेत रेंगाळतो, आणि जोडीतला एक बैल रेंगाळला की गाडी जशी त्याच्याच अंगाला वळते, तसा आवाजही गारव्याच्या अंगाला वळतो. दिवसा भुई तापलेली, गारवा वर, म्हणून आवाज आभाळात निघून जातो. रात्री भुई निवते, गारवा खाली बसतो, अन् वर चाललेला पखवाज पुन्हा झुकून आपल्या अंगणात उतरतो.

या झुकण्यापायी तिकडं अमेरिकेत केवढं रामायण झालं म्हणता! मॉरिस ईविंग नावाचा शास्त्रज्ञ होता. त्याला समुद्रात असं दिसलं, की साधारण किलोमीटरभर खोल आवाज सगळ्यांत सावकाश चालतो, त्यामुळं वर निसटलेला खाली वळतो, खाली निसटलेला वर, आणि पाटातल्या पाण्यासारखा तो हजारो किलोमीटर वाहत जातो. मग त्याच्या मनात आलं, आभाळातही असा पाट असणार, कारण पंधरा-वीस किलोमीटरांवर हवा कडाक्याची गार, अन् तिच्याही वर ओझोन ऊन पिऊन बसलेला, म्हणून पुन्हा ऊब. रशियानं गुपचूप अणुबॉम्ब उडवला तर त्याचा हादरा या पाटातून येईल, तेव्हा तिथं एक कान टांगून ठेवावा. कान म्हणजे मायक्रोफोन, अन् टांगायचा फुग्यांना. नाव ठेवलं प्रोजेक्ट मोगल. मला तर औरंगजेबच आठवतो.

1947 च्या जूनमध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोहून रबरी फुग्यांच्या माळा सुटू लागल्या, एकेक दोनशे मीटरांच्या घरात. रडारला दिसावं म्हणून त्यात काड्यांवर चंदेरी कागद ताणलेले सांगाडे, थेट आपले आकाशकंदील. त्या कामावरचा चार्ल्स मूर पुढं सांगायचा, की ते एका खेळणीवाल्याकडून करून घेतलेले, आणि त्यावरची चिकटपट्टी होती फुलाफुलांची. अरे, लष्कराचं एवढं गुपित, अन् त्यावर गुलाबी-जांभळी फुलं!

त्याच महिन्यात मॅक ब्रेझल नावाच्या एका गुरामेंढरांवाल्याला, रॉझवेलपासून शंभराहून जास्त किलोमीटरांवरच्या माळावर, रबराच्या चिंध्या, चंदेरी कागद, काड्या आणि फुलांची पट्टी सापडली. सगळं मिळून दोन-अडीच किलो. आपला गडी असता तर कागद पोराला खेळायला दिला असता अन् काड्या चुलीत. पण तेवढ्यात केनेथ अर्नोल्ड या वैमानिकानं उडत्या वस्तू पाहिल्याची बोंब देशभर झालेली, म्हणून ब्रेझलनं गावात येऊन शेरीफच्या कानात सांगितलं, आणि 8 जुलैला रॉझवेलच्या हवाई तळानं जाहीरच केलं, की उडती तबकडी आमच्या हाती लागली! लगोलग वरून खुलासा आला, हवामानाचा फुगा होता. मोगलचं नाव काढायची सोय नव्हती ना.

तीस वर्षं सगळं थंड. मग 1978 मध्ये तळावरचा एक जुना अधिकारी बोलू लागला, की तो माल या पृथ्वीवरचा नव्हता. पुस्तकं निघाली, परग्रहावरची मढी निघाली, अन् चिकटपट्टीवरच्या फुलांची झाली परलोकातली चित्रलिपी. 1994 मध्ये हवाई दलानं मोगलची वही उघडली, 1997 मध्ये सांगितलं की मढी म्हणजे पन्नाशीच्या दशकात उंचावरून टाकलेल्या बाहुल्या. फुग्याचं मला पटतं, पण 1947 च्या धोतराला पुढच्या दशकाचं ठिगळ म्हटल्यावर लोक हसणारच.

आणि खरी मजा तर पुढंच. 29 ऑगस्ट 1949 ला रशियानं बॉम्ब उडवला, तो कळला विमानावरच्या गाळण-कागदात अडकलेल्या धुळीवरून. आभाळातल्या कानाची गरजच पडली नाही.

आजीचं राहिलंच की. मी आठवीत गेल्यावर एका रात्री तिचा हात धरून तिला त्या वाडीत नेलं. तिनं भजन पाहिलं, पखवाजवाल्याची चौकशी केली, प्रसादाचा शिरा खाल्ला. परतताना नदीत पाय घालता घालता म्हणाली, "हे यांचं भजन झालं रे. आपल्याकडं ऐकू येते ती पालखी निराळी." आणि घरी पोचताच मला गोधडीत कोंबलं.