साठीनंतरचे चालणे

साठी उलटली की आपल्याकडे माणूस खाट धरतो. "आता काऊन चालाचं बावा, जल्म वावरात गेला!" पण कालचे चालणे आज पुरत नाही.

अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १२० वृद्धांपैकी निम्म्यांना वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस चालविले. सुरुवात १० मिनिटांची. दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवीत ४० वर नेली. आठवणी साठविणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, त्यांच्यात सुमारे २ टक्के वाढला. नुसते अंग ताणणाऱ्या बाकीच्यांत तो घटला. तेव्हा सगळाच विसराळूपणा वयाच्या माथी मारू नये.

व्यायाम वऱ्हाडाला नवा नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. पण आखाडा पोरांचा, असा आपला समज!

आहारही घरचाच : ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, ओमेगा-३ असलेली जवसाची चटणी. आणि कारखान्याच्या अंकात शोभत नाही तरी लिहितो, चहात साखर कमी घाला. मधुमेह मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्याही खराब करतो.

गुडघे किंवा छाती दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी उद्या सकाळी धुऱ्यापर्यंत जाऊन यावे.