दुखावलेली पाठ आणि पुन्हा उचललेला भार

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, हरियाणातील गुरुग्राम जिल्ह्यात मानेसर हे गाव आहे. येथील औद्योगिक वसाहतीत मोटारी व त्यांचे सुटे भाग तयार होतात. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचा तळही येथेच आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा या दलाचे जवान येथूनच मुंबईच्या साहाय्यास धावून आले होते. कामगार सुटे भाग उचलतो, जवान शस्त्रे व साहित्य वाहतो. दोघांचाही भार अखेरीस पाठीच्या कण्यावर येतो. पाठ दुखावली की दोघांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : पुन्हा वजन उचलता येईल काय, आणि कोणत्या रीतीने?

कणा ही एक तरफ

कमरेच्या भागात पाच मणके असतात. दोन मणक्यांमध्ये एक लवचीक चकती असते. तिचा गाभा मऊ असून त्याभोवती चिवट तंतूंची वलये असतात. वाकून वजन उचलताना येथे तरफेचा नियम लागू पडतो. समजा, २० किलोग्रॅमचे ओझे कण्यापासून ४० सेंटिमीटर पुढे आहे आणि पाठीचे स्नायू कण्याच्या सुमारे ५ सेंटिमीटर मागून ओढत आहेत. केवळ त्या ओझ्याचा तोल राखण्यास स्नायूंना १६० किलोग्रॅम वजनाइतका जोर लावावा लागेल. तेच ओझे २० सेंटिमीटरवर आणले, की हा जोर निम्मा होतो.

जर्मनीतील उल्म विद्यापीठाच्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून केलेली मोजमापे १९९९ साली प्रसिद्ध झाली. स्वस्थ उभे असताना चकतीतील दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ५ पट होता. पाठीची कमान करून २० किलोग्रॅम उचलताना तो सुमारे २३ पट झाला, तर गुडघे वाकवून उचलताना १७ पट. ही आकडेवारी एकाच व्यक्तीची असली, तरी तरफेच्या नियमाशी ती जुळते.

विश्रांती किती घ्यावी?

पाठ दुखावल्यावर अंथरुणास खिळून राहावे, असा पूर्वापार समज आहे. फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर केलेल्या व १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निराळेच दिसून आले. दोन दिवस अंथरुणात राहिलेल्यांपेक्षा, सोसेल तितके नित्याचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. याचे कारण समजण्यास कठीण नाही. हालचाल थांबली की स्नायू दुर्बळ होतात आणि मनात भीती घर करते.

परंतु काही लक्षणे दिसताच व्यायामाचा विचार बाजूस ठेवून तातडीने वैद्याकडे गेले पाहिजे. लघवी वा शौचावरील ताबा जाणे, जांघेच्या आतील भागास बधिरता येणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, पाठदुखीबरोबर ताप येणे, अथवा अपघातानंतर तीव्र वेदना होणे, ही ती लक्षणे होत.

परतीच्या पायऱ्या

वैद्याची संमती मिळाल्यावर प्रथम चालण्यास आरंभ करावा. त्यानंतर रिकाम्या हातांनी कमरेतून वाकण्याचा सराव करावा. पाठीवर एक काठी उभी धरावी. डोके, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी ती टेकलेली राहिली, तर पाठ सरळ आहे असे समजावे. हे साधल्यावरच हलके वजन घ्यावे. स्पर्धेतील पुरुषांचा नुसता दांडा २० किलोग्रॅमचा असतो; म्हणून आरंभी त्याहूनही हलके वजन घेण्यात संकोच मानू नये. वजन जमिनीवरून न उचलता गुडघ्याएवढ्या उंचीच्या ठोकळ्यावरून उचलावे, म्हणजे कमी वाकावे लागते.

एका वेळी एकच गोष्ट वाढवावी : वजन, आवर्तने किंवा वाकण्याची खोली. किंचित दुखून दुसऱ्या सकाळपर्यंत ते शमले, तर गती योग्य आहे. दुखणे वाढले किंवा पायात उतरले, तर एक पायरी मागे यावे व सल्ला घ्यावा.

एक उदाहरण

मणिपूरची भारोत्तोलनपटू मीराबाई चानू हिने एप्रिल २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत एकूण १९६ किलोग्रॅम उचलून सुवर्णपदक मिळविले. पुढे पाठीच्या दुखण्यामुळे त्याच वर्षीच्या आशियाई स्पर्धेस तिला मुकावे लागले. फेब्रुवारी २०१९ मध्ये थायलंडमधील स्पर्धेत ती परतली, ती १९२ किलोग्रॅमवर. आपला आधीचा आकडा पहिल्याच दिवशी गाठण्याचा तिचा अट्टहास नव्हता. २४ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने २०२ किलोग्रॅम उचलले आणि रौप्यपदक पटकाविले.

तज्ज्ञ मार्गदर्शक प्रत्येकास लाभतात असे नाही. तथापि ओझे अंगाजवळ धरणे, भार क्रमाने वाढविणे आणि दुखण्याच्या सूचनेकडे लक्ष देणे, हे नियम कारखान्यात, तालमीत आणि घरी सारखेच पाळता येतात.