जपानी शिकायला गेले आणि वऱ्हाडी सापडली

पुण्यात आले आणि पहिल्याच आठवड्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये माझी विकेट पडली. फोनवर कुणीतरी विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, "जेवून राहिली." शेजारून लगेच प्रश्न आला, "राहिलीस? कुठे राहिलीस?" अख्खं टेबल हसलं. तेव्हापासून कारंजा लाडची ही मुलगी 'जेवतेय' म्हणायला लागली. आईशी बोलतानासुद्धा!

मग आला जपानी क्लायंट. प्रमोशन हवं तर भाषा शिका. आठवड्यातून दोनदा, व्हिडिओ कॉलवर, पुण्यातल्याच एका सेन्सेईंकडे शिकवणी लावली. टार्गेट होतं डिसेंबरच्या पहिल्या रविवारची जेएलपीटी, त्यातली सगळ्यात खालची पायरी एन-५.

सुरुवात एकदम सही. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. 'तोक्यो नि इकिमास्' म्हणजे तोक्योला जाते. 'नि' हा आपला 'ला'. 'नो' म्हणजे चा-ची-चे, तिन्ही मिळून एकच, कारण लिंगाची भानगडच नाही. आणि प्रश्नाच्या शेवटी चक्क 'का'! 'गाकुसेई देस् का?' विद्यार्थी आहे का? इंग्रजीवरून जपानी शिकणाऱ्यांची मला दयाच आली.

ही मस्ती 'वा' आणि 'गा'ने उतरवली. दोन्ही कर्त्याला लागल्यासारखे दिसतात, मग कुठला कधी? सेन्सेईंनी वाक्य दिलं, 'वाताशी वा आतामा गा इताई देस्.' 'वा' म्हणजे 'माझं म्हणाल तर'. 'गा' लागला तो जे दुखतंय त्याला. माझं म्हणाल तर, डोकं दुखतंय. खरंच दुखत होतं.

दिवाळीला कारंज्याला गेले, पण क्लास बुडवायचा नव्हता. रेंज फक्त गच्चीवर. 'मिन्ना नो निहोंगो'चा १४वा धडा, 'ते' रूप. 'ताबेरु'चं 'ताबेते', 'नोमु'चं 'नोन्दे', 'काकु'चं 'काइते'. म्हणजे खाऊन, पिऊन, लिहून. त्यापुढे 'इरु', सजीवांसाठीचं 'असणे'. 'ताबेते इमास्.' सेन्सेई म्हणाल्या, "अर्थ 'खात आहे', पण शब्दाला शब्द मराठीत बसत नाही."

तेवढ्यात जिन्यातून हाक आली, "काय करून राह्यली वं? जेवाले ये!"

करून. राह्यली. मी ओरडलेच, "सेन्सेई, खाऊन राहिली! आमच्याकडे बसतं!"

त्या क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "थांब, लिहून घेते." आणि पाठोपाठ बजावलंही, सगळीकडे लावू नकोस. 'इत्ते इमास्' म्हणजे जाऊन राहिला नव्हे, तर गेलाय आणि तिथेच आहे. 'केक्कोन शिते इमास्' म्हणजे लग्न करून राहिली नव्हे, लग्न झालेलं आहे. (हे उदाहरण मी आईला सांगितलेलं नाही. विषय कुठे जाईल ते तुम्हाला माहीतच आहे.)

पुण्याला निघताना मी दारातून म्हटलं, "येते." सेन्सेईंनी आदल्याच दिवशी शिकवलं होतं, जपानी माणूस घरातून निघताना 'इत्ते किमास्' म्हणतो. जाऊन येते.

परवा कॅन्टीनमध्ये आईचा फोन आला. "जेवून राहिली," मी सांगितलं, जरा मोठ्यानेच. टेबल हसलं. मी भाजी वाढून घेतली.