खिडकी बंद, आता पेंग्विन?

विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि धडधाकट लॅपटॉप एका दिवसात ‘जुने’ झाले. पुण्याहून नंदुरबारला घरी पाठवलेल्या अशा लॅपटॉपवर फुकटातलं लिनक्स चालेल? चालेल. पण रुजेल का?

नोकरी पुण्यात, घर शहाद्यात. नवा लॅपटॉप घेतला की जुना ट्रॅव्हल्सने गावी पाठवायचा, हा आपल्यातल्या अनेकांचा अलिखित नियम. ताईची असाइनमेंट, धाकट्याची एमपीएससी, बाबांचा सातबारा, सगळं त्यावरच. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सिक्युरिटीची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीच्या बहुतेक मशिन्सना ‘नो एन्ट्री’! अशा वेळी हमखास कुणीतरी मित्र सुचवतो, ‘लिनक्स टाक ना, फुकट आहे.’

फुकट ते पौष्टिक?
१९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरवल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. पुढे लिनक्सवरच बेतलेल्या उबुंटूने तर २०११ पर्यंत सीडी घरपोच पाठवल्या. ना सीडीचे पैसे, ना पोस्टाचे. तरी आपल्या घरात विंडोजच राहिलं. कारण सिंपल आहे. विंडोजसाठी तरी पैसे कोण मोजत होतं? कॉम्प्युटर असेंबल करून देणारा दादा बऱ्याचदा पायरेटेड सीडी टाकूनच द्यायचा. भांडण किमतीचं नव्हतंच, सवयीचं होतं.

ही सवय लागली क्लासमध्ये. सरकारी नोकरीसाठी एमएस-सीआयटी करायचं म्हणून गावोगावची पोरं सेंटरवर गेली आणि वर्षानुवर्षं विंडोज आणि ऑफिसच शिकली. त्यातलं ‘एमएस’ म्हणजे महाराष्ट्र स्टेट. पण ते मायक्रोसॉफ्टच आहे असं कुणाला वाटलं, तर त्याची काय चूक?

टेंभलीची गोष्ट
नंदुरबार म्हटलं की मिरची आठवते, तसंच आधारही आठवायला हवं. २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. गंमत बघा. आधारच्या मागच्या अवाढव्य यंत्रणेत ओपन सोर्स सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं. पण नोंदणी करणाऱ्या ऑपरेटरच्या लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालणारं!

हीच लिनक्सची खरी कुंडली. पडद्यामागे तो राजा आहे. इंटरनेटचे असंख्य सर्व्हर त्याच्यावर चालतात. खिशातल्या अँड्रॉइडच्या मुळाशीही तोच. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर मात्र पाहुणा. स्टॅटकाउंटरच्या मोजणीनुसार जगभरातल्या डेस्कटॉपवर लिनक्सचा वाटा पहिल्यांदा ४ टक्क्यांच्या वर गेला, तो फेब्रुवारी २०२४ मध्ये.

घोडं अडतं कुठे?
ब्राउझिंग, यूट्यूब, ऑनलाइन फॉर्म, टायपिंग? नो टेन्शन. ब्राउझर तेच आणि ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस. पण बाबांचं टॅली, फ्लेक्सवाल्या मित्राचं कोरलड्रॉ, जुन्या मराठी फॉन्टमधल्या फाइल्स, एखादा हट्टी प्रिंटर... इथे डोक्याला ताप होऊ शकतो. आणि व्हॅलोरंट खेळणाऱ्या भावाला तर लिनक्सचं नावही सांगू नका.

त्याहून मोठा प्रश्न आहे तो ‘बिघडलं तर विचारायचं कुणाला?’ हा. विंडोज बिघडलं तर बसस्टँडजवळच्या दुकानात पोरगं फॉरमॅट मारून देतं. लिनक्सचं काम जमणारं पोरगं गावात सापडेलच असं नाही.

मग पॉप्युलर होणार का?
आपोआप नाही. शिकवलं तर होऊ शकेल. केरळने शाळेतल्या कॉम्प्युटर शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर आणलं. आज तिथली सरकारी संस्था ‘काइट’ स्वतःची लिनक्स आवृत्ती शाळांना देते. तिथल्या मुलांना पेंग्विन परका वाटत नाही, कारण तो वर्गातच भेटला. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने उबुंटू आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतही तयार केले आहेत. ते गावापर्यंत कोण नेणार, एवढाच सवाल.

नंदुरबारसाठी यात आणखी एक मोठी गोष्ट आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी. लिनक्सचा सोर्स खुला असल्याने भाषांतर कुणीही करू शकतं. भिली किंवा पावरीत मेन्यू हवा असेल तर कुठल्या कंपनीची परवानगी लागत नाही. लागतात फक्त काम करणारे हात. हे हात कदाचित तुमचेच असतील, कारण घरातला ‘कॉम्प्युटरवाला’ तुम्हीच आहात!

वीकएण्डला ट्राय करा
• ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, त्यावर लिनक्स मिंट टाका. इन्स्टॉल न करताही ते थेट पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं. वायफाय, आवाज आणि प्रिंटर आधी तपासा.
• रॅम ४ जीबी असेल तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती निवडा.
• इन्स्टॉल करण्याआधी फोटो आणि फाइल्सचा बॅकअप घ्या. मस्ट!
• मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून सुरू करून द्या.
• लॅपटॉप गावी पाठवून मोकळे होऊ नका. दिवाळीच्या सुट्टीत धाकट्याला शेजारी बसवा आणि इन्स्टॉलचं बटण त्यालाच दाबू द्या.