‘ईर’ म्हणजे पाणी

प्रवासास निघतांना मनुष्य वळकटी बांधतो, फराळाचा डबा घेतो, औषधाच्या पुड्या घेतो. परंतु जेथें जावयाचें तेथील लोकांचे चार शब्द गांठीस असावे, हें फार थोड्यांस सुचतें. आम्हांसहि तें साठी उलटेपर्यंत सुचलें नाहीं. त्या अज्ञानाची किंमत मात्र आम्हांस नव्हे, दुसऱ्याच एका जीवास द्यावी लागली. ती हकीकत वाचकांपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु.

गेल्या माघांत आम्ही यवतमाळ जिल्ह्यांतील मारेगाव येथें पुतण्याकडे गेलों होतों. वणीच्या पश्चिमेस असलेलें हें तालुक्याचें गांव. भोंवतालीं कपाशीचीं व तुरीचीं शेतें, आणि पलीकडे सागाचें रान. रानाच्या कडेनें कोलाम लोकांच्या लहान लहान वस्त्या आहेत. त्यांस ‘पोड’ म्हणतात. शासनानें महाराष्ट्रांतील ज्या तीन जमाती विशेष दुर्बल म्हणून गणल्या आहेत, त्यांत कातकरी व माडिया गोंड यांजबरोबर कोलामांचें नांव आहे. बांबूचें विणकाम हा यांचा जुना व्यवसाय.

टोपली घेण्याच्या निमित्तानें आम्ही एका सकाळीं अशाच एका पोडावर गेलों. कर्तीं माणसें शेतावर गेलेलीं. अंगणांत एक वृद्धा बांबूच्या कामट्या काढीत होती व शेजारीं पांचसहा वर्षांचा नातू बसला होता. “बसा जी,” असें म्हणून ती पाणी आणावयास आंत गेली. आमची खोड मास्तरकीची! आम्हीं लागलीच मुलास विचारलें, “बाळ, तुझें नांव काय? शाळेंत जातोस ना?” मुलगा टक लावून पाहूं लागला, ओठ कांहीं हललें नाहींत. तितक्यांत म्हातारी तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, “पोराले मराठी समजत नाई जी.”

हें वाक्य ऐकतांच आमच्या हातांतील तांब्या हातांतच राहिला. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, नव्यानेंच नोकरीस लागलों असतां, असाच एक कोलामाचा मुलगा आमच्या वर्गांत होता. विचारलें कीं तो गप्प. आम्हीं त्यास बाकावर उभें केलें. साऱ्या मुलांदेखत ‘मठ्ठ’ म्हटलें. दिवाळीच्या सुटीनंतर तो परत आलाच नाहीं. हजेरीपटांतील त्याच्या नांवावर तांबड्या शाईची रेघ ओढून आम्ही मोकळे झालों. तो घरीं कोणती भाषा बोलतो, हें आम्हीं एकदांहि विचारलें नव्हतें.

आम्ही मुलाजवळ भुईवर बसलों व तांब्यांतील पाण्याकडे बोट केलें. थोड्या वेळानें तो हळूच म्हणाला, “ईर.” आम्हींहि म्हटलें, “ईर.” आमचा उच्चार ऐकून तो खुदकन् हंसला. मग झोंपडीकडे बोट करून त्यानेंच आम्हांस धडा दिला, “एल्ला.” म्हणजे घर. त्या दिवशीं गुरु तो आणि शिष्य आम्ही!

कोलामी ही मराठीची अथवा गोंडीची बिघडलेली बोली, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. ती द्राविड कुळांतील स्वतंत्र भाषा आहे. तेलुगूंत घरास ‘इल्लु’ म्हणतात. कोलामींतील ‘एल्ला’ त्याच घराण्यांतील. तमिळांत पाण्यास ‘नीर्’, गोंडींत ‘येर’. अमरकोशांतील उदकाच्या नांवांत आम्हीं लहानपणीं पाठ केलेला ‘नीर’ शब्दहि द्राविड भाषांतूनच संस्कृतांत आला, असें अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. जन्मभर ज्या शब्दाचीं रूपें चालविलीं, त्याचा भाऊबंद त्या मुलाच्या ओठीं होता आणि आम्हीं त्याच्या जातभाईस मठ्ठ ठरविलें!

ही भाषा शिकण्याचे श्रम घेणारे लोकहि होऊन गेले. अमेरिकन पंडित एमेनो यांनीं १९३० नंतरच्या दशकांत कोलामांत बसून त्यांचे शब्द टिपले. त्यांचा ग्रंथ १९५५ सालीं निघाला. आपल्यापैकींच सेतुमाधवराव पगडी निजामी राज्याच्या नोकरींत आदिलाबादेस असतां गोंडी व कोलामी शिकले आणि त्यांनीं कोलामीचें व्याकरण लिहिलें. अधिकारी प्रजेची भाषा शिकला, तर मास्तरास ती कां जड जावी? १९५६ सालीं घटनेंत ३५० अ हें कलम घातलें गेलें. भाषिक अल्पसंख्य मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय व्हावी, असें तें सांगतें. आम्ही नोकरीस लागलों, त्याच्या कितीतरी आधींची ही गोष्ट.

परक्या मुलुखांत जाणाऱ्या आमच्या वाचकांस व त्यांच्या मुलाबाळांस एवढेंच सांगणें कीं, समोरचा गप्प राहिला तर आवाज चढवूं नये. खालीं बसावें, बोट दाखवावें व त्याचा शब्द विचारावा. आपला उच्चार चुकेल, लोक हंसतील, हंसूं द्यावें. ओळख त्या हंसण्यांतूनच होते.

टोपली घेऊन निघतांना तो मुलगा पोडाच्या वेशीपर्यंत आमच्यामागें आला. नांव त्यानें सांगितलें नाहीं, आम्हींहि पुन्हां विचारलें नाहीं. तें पुढच्या खेपेस, त्याच्या भाषेंत विचारूं.