चोचवाला फुलपाखरू मासा: खाताना पाहा, मगच घ्या

नारिंगी पट्ट्यांचा, लांब चोचीचा कॉपरबँड फुलपाखरू मासा काचेच्या टाकीत फार देखणा दिसतो. पण नव्या घरी आल्यावर पुष्कळदा तो अन्नाला तोंडच लावत नाही आणि उपासमारीने मरतो. निसर्गात तो प्रवाळाच्या फटींतले किडे टिपतो. दाणेदार खाद्य त्याला अन्नच वाटत नाही.

म्हणून दुकानदाराला आधी खाऊ घालायला सांगा. पोट आत गेलेला, डोक्यामागे खळगा पडलेला मासा स्वस्तातही घेऊ नका. आणल्यावर वेगळ्या, शांत टाकीचे पाणी तासभर थेंबथेंब पिशवीत मिसळा, मग त्याला त्या टाकीत ठेवा. सुरुवातीला जिवंत आर्टेमिया द्या. खरा उपाय मात्र आपल्या कोकणातलाच: तिसऱ्या. त्या धुऊन, काही दिवस गोठवून, वितळवून अर्धवट उघडलेला शिंपला टाकीत ठेवा. शिंपल्यातले मांस टिपणे हा त्याचा स्वभावच आहे. तो खाऊ लागला की त्यातच गोठवलेल्या कोळंबीचे बारीक तुकडे मिसळत जा. थोडे थोडे, दिवसातून तीन-चार वेळा. उरलेले तासाभरात काढा, नाहीतर पाणी नासते.

खाडीकाठी राहणाऱ्यांनी खाडीचे पाणी मात्र टाकीत घालू नये. तिथला खारटपणा भरती-ओहोटीला, पावसाळ्यात तर फारच, बदलतो. या माशाला लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार लागतात, तेही स्थिर.